तांडा रिकामा असताना

मी इतिहासात पीएच.डी. करते असं सांगितलं की आमच्या घरी आलेली माणसं चहाचा कप खाली ठेवायची. मग एखादा काका विचारायचा, "म्हंजे थे राजे-रजवाड्याचं का?" मी म्हणायचे, नाही, साध्या माणसांचं. "साद्या मानसाचा कुठी इतिहास असते?" असं म्हणून तो माझ्या वडिलांकडे बघायचा आणि वांग्याच्या भावावर बोलणं सुरू व्हायचं. मला राग यायचा नाही. आमच्या विभागातही हाच प्रश्न रोज विचारला जायचा, फक्त इंग्रजीत आणि बराच लांबवून.

आमचा मळा रिसोडच्या बाहेर, रस्त्याला लागून आहे. वांगी, मेथी, पालक, सांबार. रिसोडला दहावी-बारावी, मग वाशीमला बी.ए. आणि प्रवेश परीक्षा पास होऊन एकदम हैद्राबादचं मोठं विद्यापीठ, इतकं मोठं की एका टोकाच्या वसतिगृहातून दुसऱ्या टोकाच्या ग्रंथालयात जायला सायकल लागायची. पहिल्या आठवड्यात मेसमध्ये मी वाढणाऱ्या बाईंना म्हटलं, भाजीवर थोडा सांबार टाकला असता तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या कोरड्या वांग्याच्या भाजीवर पळीभर डाळीचं सांबार ओतलं. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे त्यांना कसं ठाऊक असणार. मी ते तसंच खाल्लं. हसण्यासारखी गोष्ट होती, पण शेजारी बसलेल्यांपैकी कुणाला ती सांगावी हे कळलं नाही, आणि सांगायला कुणी नसलं की हसूही येत नाही.

वर्गात तेच व्हायचं. मनात वाक्य यायचं ते वऱ्हाडीत. ते मी आधी पुस्तकी मराठीत करायचे, मग इंग्रजीत. तोवर चर्चा दोन वळणं पुढे गेलेली असायची. मग मी बोलणंच सोडलं. एम.ए.ची दोन वर्षं मी बहुतेक ऐकत काढली. आई फोनवर विचारायची, "जेवली का? काय होतं?" मी सांगायचे. मग दोघींकडे बोलायला काही उरायचं नाही. मी काय वाचते ते तिला सांगता येत नव्हतं, आणि मळ्यात काय चाललंय हे नुसतं फोनवर विचारून कळत नाही.

पीएच.डी.ला विषय घ्यायची वेळ आली तेव्हा मी मानोऱ्याकडचे तांडे घेतले. आमच्याच जिल्ह्यातला तो पूर्वेकडचा भाग. दिवाळी झाली की तिथल्या तांड्यांमधली धडधाकट माणसं ऊस तोडायला पश्चिमेकडे निघून जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. हे जाणं कधी सुरू झालं, कुणी पहिल्यांदा गेलं, मागे राहिलेल्यांनी काय केलं, हे कुणी लिहिलेलं नव्हतं. जुन्या सरकारी कागदांत तांडे सापडायचे ते चोरीच्या तक्रारीत नाहीतर दुष्काळाच्या अहवालात. माझ्या मार्गदर्शक बाई फार कमी बोलणाऱ्या होत्या. माझं टिपण वाचून त्या एवढंच म्हणाल्या, "कागद इथे संपतात. आता तू जा आणि माणसांजवळ बस."

मी आधी घरी आले. आईला सांगितलं की मला काही महिने मानोऱ्याला खोली घेऊन राहावं लागेल.

"मानोऱ्याले कायले?" आई म्हणाली. "आपल्या गावाले नाई का इतिहास?"

"आहे ना. पण माझा विषय तिकडचा आहे."

"पाह्य, कशी बोलते. आहे ना म्हन्ते." ती बापाकडे बघून हसली. "पोरगी पुस्तकावानी बोलाले लागली."

मी लगेच "हाय ना" म्हणून बघितलं. ते मलाच खोटं वाटलं. तिकडे माझी इंग्रजी गावठी होती आणि इकडे माझी बोली शहरी झाली होती.

मानोऱ्याला स्टँडच्या मागे एक खोली मिळाली. तिथून जीपने फाट्यापर्यंत आणि फाट्यापासून पायी. मी पहिल्यांदा तांड्यावर गेले तेव्हा दिवाळी उलटून गेली होती. इतक्या शांततेची मला कल्पना नव्हती. घरांना कुलपं, काही दारांपुढे गुरं शिरू नयेत म्हणून बोरीच्या काट्या ओढलेल्या. मोटारसायकलींवर ताडपत्री. हापशाजवळ एकही बाई नाही. तीन-चार म्हातारे देवळाच्या ओट्यावर उन्हाला बसलेले होते. मी माझं नाव, गाव, काम सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. एकजण शेवटी म्हणाला, "लोक गेले ना. लोक आल्यावर या."

परत फिरताना एका घराच्या अंगणात एक म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत बसलेली दिसली. हातांवर हिरवं गोंदण, कोपरापर्यंत. तिने मला हाक मारली नाही, पण समोरचं पोतं जरा माझ्या बाजूला सरकवलं. मी बसले आणि शेंगा सोलायला लागले.

ओंजळभर दाणे झाल्यावर ती म्हणाली, "कोनाची वं तू?"

"रिसोडची. मायबाप भाजीपाला लावतात."

"मंग तू इकडे कायले फिरून राह्यली?"

मी शिक्षणाचं सांगितलं. हैद्राबादला असते, इथे माहिती गोळा करते, मग परत जाऊन लिहायचं. तिने शेंगेतला दाणा तोंडात टाकला. ऊसतोडीला जाण्याला तिकडे कोयत्यावर जाणं म्हणतात. ती म्हणाली, "म्हंजे तू बी कोयत्यावरच गेली म्हन. घर सोडून."

तिचा मुलगा, सून आणि नातवंडं ऊस तोडायला गेली होती. तांड्यावरच्या भाषेत आईला याडी म्हणतात, म्हणून मीही तिला याडी म्हणायला लागले. ती शेळ्यांशी त्या भाषेत बोलायची आणि माझ्याशी वऱ्हाडीत. मी दुपारी जायचे, ऊन कलायला लागलं की निघायचे. सुरुवातीला मी प्रश्न लिहून नेले होते. पहिल्याच प्रश्नावर ती म्हणाली, "हे तुले कोन सांगतलं इचाराले?" मी म्हटलं, मीच काढलेत प्रश्न. "मंग राहू दे," ती म्हणाली. तेव्हापासून मी प्रश्न नेले नाहीत. आम्ही काम करायचो. वाल निवडायचो, शेळ्यांना पाला तोडायचो. तिचं अंगण मी दोनदा सारवलं, आणि ते मला नीट जमत नाही म्हणून तिने पुन्हा सारवलं. मी तिला विचारून मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करायचे. तो तिने एकदा हातात घेऊन बघितला, मग त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

ती पहिल्यांदा कोयत्यावर गेली तेव्हा नवीन लग्न झालेली होती. बैलगाडीत बसून किती मुक्काम करत गेले, पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांच्या झोपडीत, कसं राहिले, मोळी डोक्यावर घेऊन गाडीच्या फळीवर कसं चढायचं, हे ती सांगायची. कधी मध्येच थांबायची. मीही थांबायचे. हैद्राबादला माझ्या गप्प बसण्याला कुणी विचारत नव्हतं, इथे ते कुणाला खटकत नव्हतं. दोन्ही ठिकाणी मी गप्पच होते, पण दोन्हीत फार फरक होता.

संक्रांतीच्या सुमाराला एका दुपारी तिने मला एक गोष्ट सांगितली. तिच्या पहिल्या काही फेऱ्यांमधली, तिच्या एका लेकराची. ती गोष्ट काय होती हे मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की ती तिने घरात कुणाला सांगितलेली नव्हती, फक्त नवऱ्याला ठाऊक होती आणि तो आता नव्हता. सांगताना ती रडली नाही. हातातल्या पाल्याची पानं एकेक करून तोडत राहिली आणि शेळी ती खात राहिली. सांगून झाल्यावर म्हणाली, "पानी आन वं." मी आत जाऊन गडव्यात पाणी आणलं. ती प्यायली, मीही प्यायले. मग मी निघाले. फाट्यावर जीप नव्हती, म्हणून मी मानोऱ्याच्या रस्त्याने चालत सुटले आणि जीप मागून आली तेव्हा थांबवायचंही सुचलं नाही.

फेब्रुवारीत मी विद्यापीठात परत गेले आणि त्या गोष्टीवर प्रबंधाचं एक प्रकरण लिहिलं. आधी मराठीत लिहिलं, मग इंग्रजीत आणलं. तिचं नाव बदललं, तांड्याचं नाव काढलं. आयुष्यात इतकं सरळ आणि सहज मी काही लिहिलं नव्हतं. विभागाच्या चर्चासत्रात मी ते वाचलं. एक प्राध्यापक, जे एरवी सगळ्यांना मध्येच तोडायचे, म्हणाले की हा या प्रबंधाचा गाभा आहे. वाचन संपल्यावर तिघं-चौघं माझ्याबरोबर चहाला आली. दुसऱ्या दिवशीही आली. मला त्यांनी त्यांच्या वाचनगटात घेतलं. रविवारी कुणी दार वाजवून विचारायचं, कॅन्टीनला येतेस का. विद्यापीठात येऊन तेव्हा मला चार वर्षं होत आली होती, आणि पहिल्यांदाच मी जेवताना कुणाशी बोलत होते. मला फार बरं वाटत होतं. ते कशामुळे होतंय हेही मला कळत होतं.

प्रकरण छापायला पाठवायच्या आधी ते तिला वाचून दाखवायचं, असं मी ठरवलं होतं. बाईंनीही तेच सांगितलं. मी मे महिन्यात मानोऱ्याला गेले.

तांडा ओळखू येत नव्हता. सगळी दारं उघडी, हापशावर रांग, लग्नाचा मांडव, स्पीकरवर गाणी, पोरं, मोटारसायकली. मी कधीच न पाहिलेल्या माणसांनी ती सगळी घरं भरली होती. याडीच्या अंगणात तिची सून भाकरी करत होती, मुलगा खाटेवर बसून फोनवर बोलत होता. याडी दारात बसली होती. मी जवळ गेले आणि हसले.

तिने माझ्याकडे बघितलं. "कोन होय वं? कोनाकडे आली?"

मला वाटलं उन्हामुळे तिला दिसलं नाही. मी म्हटलं, "याडी, मी. रिसोडची. हिवाळ्यात यायची मी."

"असन," ती म्हणाली. "लय लोक येते. सर्वेवाले येते."

मुलाने फोन ठेवून विचारलं, काय काम आहे. मी म्हटलं, जुन्या काळाची माहिती विचारते. तो चांगला माणूस होता. त्याने पोराला पाठवून माझ्यासाठी थंडा मागवला, मला खुर्ची दिली आणि स्वतः ऊसतोडीबद्दल, मुकादमांबद्दल बराच वेळ सांगत राहिला. मी लिहून घेत होते. याडी एकदाही बोलली नाही. ज्या अंगणात मी सारवलं होतं त्यात मी खुर्चीवर बसले होते आणि मला रडू येईल असं वाटत होतं.

मी निघाले. तांड्याच्या बाहेर, कडुनिंबाजवळ, मागून शेळ्यांचा आवाज आला. याडी शेळ्या घेऊन आली होती. भर दुपारी शेळ्या चारायला कुणी नेत नाही. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"थे लेहलं का तू?" तिने विचारलं.

"हो. तेच वाचून दाखवायला आले होते."

"नोको दाखवू. मिटवून टाक."

मी सांगितलं की नाव बदललं आहे, गाव बदललं आहे, इंग्रजीत आहे, इथे कुणी वाचणार नाही. हे सगळं मी पाठ केल्यासारखं भरभर बोलले. तिने ऐकून घेतलं.

"नाव नसन," ती म्हणाली. "पन गोष्ट तं माहीच हाय ना."

"मग मला सांगितली कशाला, याडी?"

हे मी रागाने विचारलं नव्हतं, मला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिने शेळीच्या पाठीवर हात ठेवला. "घर खाली होतं तवा. कोनी नव्हतं बोलाले. तू आली, बसली. मले बोलावं वाटलं. आता घर भरलं. आता मले थे नोको."

मी मोबाइल काढला. तिला म्हटलं, हे बघ, यात आहे, तुझ्यासमोर काढते. ती म्हणाली, "जरासंक आयकव." मी सुरुवातीचा भाग लावला. तिचा आवाज, मध्ये शेळी, मध्ये माझं "हं". ती मान वाकडी करून ऐकत होती. गोष्ट सुरू व्हायच्या आत तिने हात वर केला. मी ते पुसून टाकलं. तिला पडदा दाखवला. तिला त्यातलं काही वाचता येत नव्हतं, तरी तिने नीट बघितलं.

"जेवली का?" तिने विचारलं.

"जेवले."

"जाय मंग. जीप जाईन."

हैद्राबादला माझ्या संगणकात त्याच्या प्रती होत्या. त्यांच्याबद्दल तिला काहीच माहीत नव्हतं. गाडीत रात्रभर मी त्याच विचारात होते. वाशीमहून गाडी निघाली तेव्हा मला वाटत होतं की काहीतरी मार्ग निघेल, थोडं बदलून, थोडं झाकून. सकाळी उतरले तेव्हा मार्ग नाही हे मला कळलं होतं. मी खोलीवर गेले, आंघोळ केली आणि रेकॉर्डिंग, प्रकरण, सगळं काढून टाकलं. मग बाईंकडे गेले आणि सांगितलं.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "बरोबर केलंस. पण आता प्रबंध एका वर्षाने लांबणार, हेही खरं आहे." त्या उठल्या, स्वतः चहा करून मला दिला. त्या विषयावर पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

वाचनगटातली मंडळी चांगली होती. त्यांनी माझं म्हणणं ऐकलं. एकजण म्हणाला की एवढं पुसून टाकायची गरज नव्हती, पन्नास वर्षांसाठी बंद करून ठेवता आलं असतं. दुसरी म्हणाली, म्हातारीने भीतीपोटी नाही म्हटलं, ती भीती म्हणजेच तर इतिहास. ती मला घाबरलेली वाटली नव्हती. घरात सून भाकरी करत होती, नातवंडं अंगणात होती, मुलगा खाटेवर होता, आणि तिला ते सगळं तसंच असू द्यायचं होतं. हे इंग्रजीत मला मांडता आलं नाही. मराठीतही आलं असतं का, ठाऊक नाही. हळूहळू मी गटात जायचं कमी केलं, आणि कुणी दार वाजवायचंही थांबलं. भांडण वगैरे काही झालं नाही.

त्या जागी जे प्रकरण लिहिलं ते मुकादम, बैलगाड्या, मग ट्रॅक्टर, रस्ते यांच्यावर होतं. नीट काम होतं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं की यात बायकांचे आवाज इतके कमी का. मी म्हटलं, मी जितके वापरू शकत होते तितके वापरले. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. पदवी मिळाली. आई-बाप पदवीदानाला आले नाहीत, कारण तेव्हा वांगी तोडणीला होती आणि मी पण फार आग्रह केला नाही.

आता मी रिसोडला एका कॉलेजात तासिकेवर शिकवते. इतिहासाला मुलं थोडी असतात आणि सोयाबीन निघायच्या दिवसांत त्याहून थोडी. ज्यांच्याशी त्या प्रकरणाबद्दल बोलता येईल अशी माणसं आता दूर गेली, आणि इथे जी आहेत त्यांना ते कुठून सुरू करून सांगायचं. सांगायला लागले तर ती गोष्टच सांगावी लागेल. ती माझ्याजवळ आहे. कधी शिकवताना मध्येच ती आठवते आणि मी फळ्याकडे वळते.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मला वाटलं, जाऊन यावं. लोक गेले असतील, याडी एकटी असेल. काही विचारायचं नव्हतं. वाशीम, मंगरूळपीर करत एस.टी.ने मानोऱ्याला गेले, पुढे जीपने. फाट्यापासून चालताना मी मनातल्या मनात तिच्याशी बोलतही होते, आणि ते वऱ्हाडीतच निघत होतं, न ठरवता.

तिच्या दाराला कुलूप होतं. शेळ्याही नव्हत्या. देवळाच्या ओट्यावरचा एक म्हातारा उठून आला.

"थे गेली पोराबरोबर," तो म्हणाला. "सुनेले लहान लेकरू झालं ना. थे सांभाळाले नेली यंदा. शेळ्या इकून टाकल्या."

"कुठं गेले?"

"तिकडेच. सांगलीकडे का कुठी. आपल्याले काय समजते." मग त्याने विचारलं, "काई निरोप होता का?"

मी म्हटलं, नाही. त्याने पाणी दिलं. मी त्याच्याजवळ ओट्यावर थोडा वेळ बसले. या वयात ती पुन्हा कोयत्यावर गेली होती, पाचटाच्या कोपीत, मांडीवर एक तान्हं लेकरू घेऊन. तिला तिथे काय काय आठवत असेल हे तिला ओळखणाऱ्यांपैकी फक्त मला माहीत होतं, आणि त्याचा तिला काही उपयोग नव्हता. ऊन खाली उतरलं तशी मी उठले.

घरी पोचले तेव्हा आई-बाप उद्याच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत बसले होते.

"कुठी गेलती?" आईने विचारलं.

"मानोऱ्याले."

"काम होतं का?"

"नाई."

तिने माझ्याकडे जरा बघितलं आणि मेथीचा एक ढीग माझ्यापुढे सरकवला. मी हातपाय धुऊन आले आणि जुड्या बांधायला बसले.